जागेला आस लावू नये

तुमचा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं दार उघडं होतं, वन्सं.

चार बोटं. तुम्ही झोपताना ठेवायचात तेवढंच. खालून वॉचमनने इंटरकॉम केला, "आजी, तुमच्या व्हॅनचं दार कुणीतरी उघडतंय, येऊन बघून घ्या." मी ओल्या हातांनीच खाली गेले. आत सगळं जागच्या जागी होतं. तुमची गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, मागच्या खिळ्याला टांगलेली केरसुणी. नितीन म्हणाला, "आई, त्या दाराचा खटका कधीचाच गेलाय. आपोआप सरकतं ते." बरोबरच आहे त्याचं. खटका गेलाय हे मलाही ठाऊक आहे. तुम्ही असताना मात्र ते कधी आपोआप सरकल्याचं मला आठवत नाही.

दहाव्याला कावळा आला नाही. खाडीकाठी पिंड मांडून आम्ही सगळे लांब उभे राहिलो. आपल्या उलव्यात आता झाडंच कुठे राहिलीत की कावळे राहतील? जिकडे बघाल तिकडे क्रेन. तरी सगळे आकाशाकडे डोळे लावून होते. तुमची चुलत भावजय म्हणाली, "नितीनचा लगीन करू गो आमी, काय काळजी करू नको." कावळा नाही. कुणी म्हणालं, गावदेवीची ओटी भरू. कावळा नाही. शेवटी भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि मंडळी वड्यांच्या पंगतीला बसली. गवताचा कावळा तो, धराल तिथे शिवणार.

तुमचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. पण चारचौघांत ते बोलायची लाज वाटली. नणंद एका जागेला शब्द देऊन आली होती आणि तो पाळायचा राहून गेला, असं सांगितलं असतं तर मलाच धरून डॉक्टरकडे नेलं असतं.

लोकांना आपलं कौतुक वाटायचं. नणंद-भावजय एका घरात नांदतात हेच त्यांना पटत नसे, आणि आपण तर एका गाडीत झोपायचो. हे गेले तेव्हा त्यांची ती शाळेच्या पोरांची ने-आण करणारी पिवळी व्हॅन तशीच उभी होती. नितीन म्हणत होता, विकून टाकू. मीही मान डोलावली होती. तुम्ही हातातलं ताट खाली ठेवलंत आणि म्हणालात, "कनाला इकायची? माज्या भावाची गारी हाय. आपुन फिरू." तरुणपणी तुम्ही मिठाचा टेम्पो चालवायचात, बाई टेम्पो चालवते म्हणून गव्हाणपासून उरणपर्यंत लोक थांबून बघायचे, हे मी ऐकून होते. पण साठी उलटलेली बाई मागच्या सीटा उपटून तिथे गादी टाकेल असं मला वाटलं नव्हतं.

आपला पहिला मुक्काम आठवतो? निघालो होतो थेट घाटावर जायला. कोन गावापाशी इंजिन तापलं आणि बोनेटमधून वाफा यायला लागल्या. घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आपण एका शेताच्या कडेला झोपलो. मी म्हणत होते, नितीनला फोन करू, तो येऊन घेऊन जाईल. तुम्ही म्हणालात, "निघाली मंग निघाली. आता घर लांब हाय असंच समज." एक्स्प्रेस-वेचा आवाज रात्रभर येत होता आणि मला पाठ टेकताच झोप लागली होती. यांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी घरात नीट झोपत नव्हते, हे तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यानंतर आपण किती जागी निजलो असू, मी मोजलं नाही. लॉज दिसला की तुम्ही तोंड फिरवायचात. "निजाय कुनी भाडं देतं काय गो? जमीन काय त्याच्या आज्यानं केली?" सुट्टी लागलेल्या शाळांची अंगणं, देवळांची मागची बाजू, सुरूची बनं, नदीचे घाट, दक्षिणेकडचे ते काळे उघडे सडे. जागा निवडायची तुमची रीत ठरलेली. पाणी हाकेच्या अंतरावर हवं, पण उशाशी नको. चिंचेखाली नको. पायवाटेवर तर नकोच, कारण पायवाट दिवसा सगळ्यांची असते आणि रात्री कुणाची असते ते आपल्याला ठाऊक नसतं. जेवण उजेडात उरकायचं. जवळ घर असेल तर आधी तिथे सांगून यायचं.

आणि घर असो वा नसो, जागेला विचारायचं.

हे मी पहिल्यांदा बघितलं ते कोनलाच. तुम्ही चपला काढून शेताच्या बांधावर उभ्या राहिलात आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणालात, "आमी वाटंची मानसं. रातीपुरता आसरा दे. सकालला जातो." मग नुसत्याच उभ्या राहिलात. मी गाडीतून विचारलं, "काय म्हणाली जागा?"

"बोलाय ती काय तुज्यासारखी हाय?"

मी खूप हसले होते. पण दोन-तीनदा असं झालं की तुम्ही तशाच चपला घालून परत आलात, चावी फिरवलीत आणि म्हणालात, "नको म्हनते." एकदा तर धरणाच्या काठची इतकी देखणी जागा होती. गवत, सावली, पाणी, समोर डोंगर. मी स्टोव्ह बाहेर काढला होता, तांदूळ धुतले होते. तुम्ही म्हणालात नको, आणि आपण धुतलेले तांदूळ मांडीवर घेऊन पुढे निघालो आणि शेवटी पेट्रोल पंपावर ट्रकांच्या रांगेत डोकं टेकलं. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या जागी पुढे काही वाईट घडलं असं मी कधी ऐकलं नाही. धरण तिथेच आहे, लोक सहलीला जातात. काय ऐकलं होतंत तुम्ही, हे विचारायचं राहून गेलं.

आपलं खरं भांडण मात्र सकाळचं. उठलात की आधी केरसुणी. आपला कचरा उचलणं मला समजत होतं, पण तुम्ही चाकांच्या खुणासुद्धा झाडून काढायचात. "निजल्याली जागा मोकली करून द्यावी." मग पुन्हा चपला काढून उभं राहायचं आणि म्हणायचं, "आमी जातो."

माझ्या अंगावर काटा यायचा. मी पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेली. आमच्याकडे कोथिंबिरीची जुडी आणायला खाली उतरलं तरी "येते" म्हणूनच उतरायचं. जाते म्हणत नाहीत. माणूस गेला हे एकदाच म्हणतात, आणि तेही तो स्वतः म्हणत नाही, मागचे म्हणतात. मी तुम्हाला हे दर खेपेला सांगायची. तुम्ही दर खेपेला तेच उत्तर द्यायचात.

"मानसाला येतो बोलावं. जागंला नाय. जागंला आस लावाची नाय."

"म्हणजे काय?"

"मानूस इसरतो. जागा इसरत नाय गो. ती बसते वाट बघीत."

मी म्हणायची, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. तर तुम्ही म्हणालात, "मंग तुजा येतो काय सायन्स हाय?" पण तेवढ्याने भांडण सोडणारी मी नाही आणि तुम्हीही नव्हता. कांदा चिरताना, गाडी पुसताना, घाट चढताना आपण तेच भांडण कुरवाळत बसायचो. सासूसुनांना सीरियल असतात, आपल्याला हे होतं.

का म्हणायचात ते तुम्ही एकदाच सांगितलंत. मला वाटलं होतं, अशी गोष्ट तुम्ही कुठल्यातरी मुक्कामात, अंधारात सांगाल. तुम्ही ती सांगितलीत आपल्या बाल्कनीत, मटार सोलताना. विमानतळावर पहिली विमानं उतरायला लागली होती. एक विमान खाली येत येत इमारतींच्या मागे गेलं आणि तुम्ही म्हणालात, "गेलं बाच्या झोपरीवर."

मी विचारलं, कुणाच्या?

तुमच्या वडिलांचं मिठागर तिथे होतं हे मला माहीत होतं. सासरे खाडीत गेले, एवढंही माहीत होतं. हे तेव्हा अंगावर पिणारे होते, त्यांना काहीच आठवत नसे, म्हणून घरात तो विषय निघायचा नाही. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की उधाणाची भरती होती. मिठागरावरच्या झोपडीत तुम्ही दोघंच होता, तुम्ही लहान. पाणी बांधाला लागलं तसे ते उघाडीचं, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार बघायला निघाले. तुम्ही मागे लागलात. ते म्हणाले, "बस हितं. चाय निवू दे. येतो." आणि चहावर बशी झाकून गेले.

बांध फुटला. ते सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओहोटीला माणसं तिथवर पोचली तेव्हा तुम्ही झोपडीत तशाच बसला होता, आणि उठायला तयार नव्हता. बा येतो बोललाय, म्हणत होता. तुम्हाला उचलून न्यावं लागलं. चहावरची बशी तुम्ही कुणाला काढू दिली नाहीत.

"येतो बोलला नसता तं मी रडली असती न् गेली असती घरा," असं म्हणून तुम्ही मटाराची पुढची शेंग सोललीत. त्यानंतर विमानाचा आवाज आला की मी टीव्ही मोठा करायला लागले, हे तुमच्या लक्षात आलं असणार.

मग मागच्या थंडीतली ती जागा. श्रीवर्धनच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर. रस्ता चुकलो म्हणून आपण तिथे पोचलो. खाली बघितलं तर बंद पडलेलं मिठागर. लहानसंच. मीठ पिकवायच्या कोंड्यांमध्ये पाणी साचलेलं, बांध गवतात बुडालेले, आणि एका टोकाला झोपडीचे चार खांब, वर छप्पर नाही. तुम्ही गाडी थांबवलीत आणि इंजिन बंद करायचं विसरलात. मीच चावी फिरवली.

तुम्ही उतरून बांधावरून चालत गेलात. साठी-सत्तरीची बाई त्या बांधावरून एखाद्या पोरीसारखी चालत होती, खाली न बघता. वाकून कोंडीत बोट बुडवलंत, जिभेला लावलंत. त्या संध्याकाळी जागेला विचारायला तुम्हाला फार वेळ लागला. भात निवला तरी तुम्ही उभ्याच होता. मी हाक मारली नाही.

सकाळी तुम्ही झाडलोट केलीत. चाकांच्या खुणा काढल्यात. चपला काढून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "येतो."

मी हातातला कप खाली ठेवला. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी भांडले तो तुमच्या तोंडून आला, आणि मी काय केलं, तर टाळी वाजवून म्हटलं, "हरलात, वन्सं." तुम्ही हसला नाहीत. येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसलात. मग म्हणालात, "बोलून गेली गो. आता यावा लागंल."

"येऊ की. पाऊस संपला की येऊ."

पावसातच तुमचा श्वास लागायला लागला. औषधं झाली, तपासण्या झाल्या, उशा वाढल्या. तुम्ही मधूनमधून विचारायचात, "कवा जायाचा?" मी म्हणायची, रस्ते सुकू देत. नितीनला वाटायचं तुम्ही गावाबद्दल विचारताय. गाव आता उरलं नाही, हे तो तुम्हाला हळूच समजावून सांगायचा, आणि तुम्ही मला डोळा मारायचात.

रस्ते सुकत आले होते त्या दुपारी नितीनने खाली गाडी आणली. श्वास काही केल्या बसत नव्हता. शेजारच्या मेघाने तुम्हाला एका बाजूने धरलं, मी लिफ्टचं बटण दाबायला पुढे झाले. दारात येऊन तुम्ही थांबलात आणि पायांतल्या चपला काढल्यात. हॉस्पिटलला निघालेला माणूस चपला घालतो. तुम्ही काढल्यात. चौकटीला धरून उभ्या राहिलात, आत ओट्याकडे बघितलंत, बाल्कनीकडे बघितलंत, मग माझ्याकडे.

"जाते गो, वयनी."

"आत्या, असं नका ना बोलू," मेघा म्हणाली. नितीन खालून फोनवर ओरडत होता की निघालात का. आणि मी, वन्सं, मी तुमच्यावर चिडले. "येते म्हणा आधी. म्हटल्याशिवाय लिफ्ट बोलावणार नाही." खरंच बोट बटणावरून काढलं मी. तुम्हाला श्वास पुरत नव्हता आणि मी भांडत होते. तुम्ही नुसतं बघितलंत. मेघाने हात लांब करून बटण दाबलं.

नंतर तोंडावर मास्क आला. त्यानंतर बोलणं झालंच नाही.

तेव्हापासून मला एकच गोष्ट खात होती. माणसाला येतो म्हणावं, जागेला जातो म्हणावं, हा नियम तुमचा. आयुष्यभर तो धरून भांडलात. आणि शेवटी उलटा केलात. कुठल्या कोण परक्या मिठागराला येतो म्हणालात आणि मला जाते. एका चुलीवर इतकी वर्षं काढली, तुमच्या भावामागे मला तुमच्याशिवाय कोण होतं? राग आला होता मला. रडूही तसंच आलं, रागाचं. लोक म्हणत, सुटल्या हो, त्रास नाही झाला फार. मी म्हणायची हो हो, आणि मनात म्हणायची, येते म्हणायला काय झालं होतं?

दार मात्र रोज उघडं. नितीनने दोरी बांधली. दोन दिवस राहिली, तिसऱ्या दिवशी सैल होऊन लोंबत होती. वॉचमन आता इंटरकॉमही करेना, लांबूनच नमस्कार करायला लागला. मी सकाळी चहा घेऊन खाली जायची आणि तुमच्या गादीच्या कडेवर बसायची. दोन कप न्यायची. एक प्यायची, एकावर बशी झाकायची. मेघाच्या मुलीने एकदा विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?" तिला म्हटलं, कुणाची नाही गं, असंच. आणि त्या झाकलेल्या बशीकडे माझं लक्ष गेलं. किती वेळ तशी बसले होते ते सांगता येत नाही. चहा पार निवला होता.

त्याच संध्याकाळी नितीनला सांगितलं, मी जाऊन येते.

"एकटी? आई, प्लीज. सेफ नाहीये ते. संडेला मी नेतो तुला."

"संडेला तू ने-आण करशील. मला मुक्काम करायचाय."

"कुठे? मिठागरात? हॉटेल बुक करतो ना मी."

"निजायला कुणी भाडं देतं का रे?"

त्याने उघडलेलं हॉटेलचं ॲप बंद केलं आणि म्हणाला, "लोकेशन ऑन ठेव मग." पोरगं गुणी आहे, वन्सं. तुमच्यावर गेलंय, फक्त घाबरट निघालंय.

गाडी मला तुम्हीच शिकवलीत म्हणून हे जमलं. उरणकडच्या द्रोणागिरीच्या त्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना गोदामं, मागून कंटेनर आला की मी डोळे मिटायची. "डोलं उघर. कंटेनर मोठा दिसतो, पन त्यालाबी ब्रेक हाय." पळस्प्यापासून पेणपर्यंत मी ते वाक्य पुटपुटत गेले. माणगावला चहा घेतला. पुढे वळण चुकले, पण आपण तेव्हाही चुकलोच होतो, म्हणून चुकत चुकत बरोबर तिथेच पोचले. उजेड होता अजून.

उतारावरच्या घरातली बाई अंगणात सुकट गोळा करत होती. आधी तिला सांगायला गेले. तिने मला ओळखलं. "मागे आलेल्या ना तुमी? पिवळी गारी. त्या दुसऱ्या बाई कुठं हायत?"

मी म्हणाले, "त्या पुढे आल्यात." तोंडातून निघून गेलं. ती मान हलवून म्हणाली, "तरीच. परवा सांजच्याला बांदावर कोन बाई हुबी होती, मला वाटला तुमीच. पन गारी दिसली नाय." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पटकन म्हणाली, "खुबे काडाया येतात बाया, त्यातली असंल कोन."

असेल. खाडीवर शिंपल्या काढायला बाया येतच असतील.

गाडी मागच्याच जागी उभी केली. झोपडीचा एक खांब पावसात पडलाय, तीन आहेत. चपला काढून बांधावर उभी राहिले. जमीन गार होती. इतक्या मुक्कामांत हे मी कधी केलं नव्हतं, नेहमी गाडीत बसून हसले होते. "आमी वाटंची मानसं," मी म्हटलं, आणि माझ्याच घशातून तुमची बोली आलेली ऐकून गप्प झाले. एकटीच होते आणि आमी म्हटलं. पुढचं वाक्य येईना. कोंड्यांतलं पाणी हलत नव्हतं. मी विचारत होते जागेला, पण मला वाटत होतं मी तुम्हाला विचारतेय, राहू का म्हणून. तुम्ही आधीपासून इथल्या आणि मी दाराशी आलेली पाहुणी. "रातीपुरता आसरा दे," मी म्हटलं. उत्तर आलं नाही. बोलायला ती काय माझ्यासारखी आहे?

रात्रीचं मी काही लिहीत नाही. मला झोप लागली, घरात इतके दिवस लागली नव्हती तशी, एवढंच. झोपताना दार चार बोटं उघडं ठेवलं होतं, माझ्या हाताने.

सकाळी ते बंद होतं. पूर्ण. खटका गेलेलं दार, पण दोन्ही हातांनी ओढावं लागलं. गाडी थोडी उतारावर होती, सरकलं असेल. नितीनला फोनवर मी तसंच सांगितलं आणि त्याला ते पटलंही.

चहा केला. या खेपेला दुसऱ्या कपावर बशी झाकली नाही. तो बांधावर नेऊन ओतला. मग केरसुणी काढली. कंबर तुमच्यासारखी वाकत नाही माझी, पण काहीही मागे ठेवलं नाही. राख, तांदळाचे दाणे, चाकांच्या खुणा. झाडता झाडता ते आपोआप कळलं मला, वन्सं, इतके दिवस ज्याने जीव खाल्ला ते. चहा झाकून बसणारी पोर कशी असते हे तुम्हाला माहीत होतं. मीही तशीच बसेन हेही माहीत होतं. त्या दुपारी तुम्ही येते म्हणाला असतात तर मी दारात बसले असते, आणि मला उचलून न्यायला कुणी आलं नसतं. म्हणून म्हणाला नाहीत. मी बटणावरून बोट काढलं तरी म्हणाला नाहीत. आणि इथे येतो म्हणालात, कारण बाच्या मिठागरासारख्या या जागी कुणीतरी आधीच वाट बघत बसलं होतं.

तर तुमचा शब्द राहिला. तुम्हाला आणून सोडलंय. आता माझी निघायची वेळ झाली, आणि तुमचा नियम मला तोंडपाठ आहे. जागेला आस लावायची नाही. जाते म्हणायचं आणि मागे न बघता गाडीत बसायचं. खुणा झाडून झाल्यात, जागा मोकळी आहे, कुणी कुणाचं देणं लागत नाही.

केरसुणी खिळ्याला अडकवली. चपला हातात घेऊन बांधावर उभी राहिले. दूर खाडीत बाया उतरल्या होत्या, वाकून खुबे काढत होत्या. त्यांतली एक सरळ उभी होती. इकडे बघत होती की पाठमोरी होती, ते उन्हामुळे दिसत नव्हतं.

तुम्ही मला आस लावली नाहीत, हा तुमचा मोठेपणा. माझ्याकडे तेवढा नाही, वन्सं. कधी नव्हताच.

"येते," मी म्हटलं. "बसा आता वाट बघत."